कपाट उघडू या

नोव्हेंबर महिना आला की आपल्या धर्मग्रामात दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसू लागतात. २ तारखेला आपण मृतांच्या स्मरणार्थ दफनभूमीत जातो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्याच सुमारास शिंप्याच्या दुकानात गर्दी सुरू होते. ‘नाताळच्या आधी शिवून मिळेल ना?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी असतो. या दोन्हींच्या मध्ये आपल्या घरात एक कपाट उभे असते. त्यात गेल्या नाताळचे, त्याच्या आधीच्या नाताळचे, कोणाच्या तरी लग्नात एकदाच घातलेले आणि जे आता आपल्यात नाहीत त्यांचेही कपडे असतात. कपाट इतके भरलेले असते की दार ओढून लावावे लागते. तरीही ‘घालायला काही नाही’ असे आपणच म्हणतो.

११ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा संत मार्टिनचा सण साजरा करते. आपल्या अंगावरचा झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणारा हा संत. त्याच्या निमित्ताने आज आपल्या कपाटाकडे थोडे निरखून पाहू या.

कपडा कपाटात का राहतो?

आम्ही महिला मंडळाच्या सभेत एकदा विचारले, ‘गेल्या दोन वर्षांत एकदाही न घातलेले किती कपडे घरी आहेत?’ सुरुवातीला कोणी बोलेना. मग हळूहळू आकडे बाहेर आले आणि हशा पिकला. हसून झाल्यावर कारणे शोधली, तेव्हा ती चार निघाली.

पहिले कारण, कपडा अंगाला होत नाही. मुले वाढली, आपणही थोडे वाढलो. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेला पोशाख वर्षानुवर्षे वाट पाहत असतो. दुसरे कारण, तो एका दिवसासाठीच घेतलेला असतो. लग्नाचा गाऊन, पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक, रिसेप्शनचा सूट. तिसरे कारण आहेर. रंग आवडला नाही, पण मन मोडवत नाही म्हणून साडी घडीतच राहते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या आहेरात जाते. चौथे कारण सर्वांत नाजूक आहे. तो कपडा आईचा असतो, वडिलांचा असतो. तो हातात घेतला की त्यांचा वास येतो, आणि आपण दार पुन्हा लावून घेतो.

यातील एकही कारण पाप नाही. परंतु कपडा ज्या कामासाठी विणला गेला ते काम, म्हणजे कोणाचे तरी अंग झाकणे, तो करीत नाही हे मात्र खरे.

पवित्र शास्त्रातील वस्त्र

पवित्र शास्त्रात वस्त्राचा उल्लेख वारंवार येतो आणि तो अनेकदा गरिबाच्या संदर्भात येतो. निर्गमाच्या पुस्तकात एक साधा नियम आहे (निर्गम २२:२६-२७). गरीब शेजाऱ्याचे पांघरूण गहाण ठेवून घेतले असेल, तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे. कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे तेवढेच असते. म्हणजे कर्ज फिटले आहे की नाही, हा प्रश्न थंडीपुढे मागे पडतो. आगमनकाळात ज्याची आपण आठवण करतो तो योहान बाप्तिस्ता, पश्चात्ताप कसा करावा असे विचारणाऱ्यांना आधी कपड्यांचाच हिशेब सांगतो. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्यावा (लूक ३:११). संत याकोब विचारतो, उघड्या बंधूला नुसती ‘ऊब घे’ अशी सदिच्छा देऊन काय उपयोग? (याकोब २:१५-१६). आणि शेवटच्या न्यायाच्या वेळी प्रभू येशू स्वतःला उघड्या माणसाच्या जागी उभा करतो (मत्तय २५:३६).

याहून हृद्य प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत आहे (९:३६-४२). यापो गावात टबीथा नावाची एक शिष्या होती. तिलाच दुर्कस असेही म्हणत. ती वारली. संत पेत्र आला तेव्हा सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसने जिवंतपणी शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तिने किती दान केले याचे कोणी भाषण केले नाही. त्या बायकांच्या हातातील कपडे हीच तिची साक्ष होती. आपल्यामागे आपले कपडे कोणी हातात घेऊन रडेल, की ‘आता हे टाकायचे कुठे?’ असा प्रश्न पडेल, याचा विचार आपण करायला हरकत नाही.

चौथ्या शतकातील संत बेसिल यांनी आपल्या प्रवचनात याहून कठोर बोल सुनावले. पेटीत पडून असलेले वस्त्र मुळात उघड्या माणसाचे आहे आणि न वापरता खराब होणारी पादत्राणे अनवाणी माणसाची आहेत, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय होता. त्यांच्या दृष्टीने असे वस्त्र देणे म्हणजे ज्याचे त्याला परत करणे होय.

ती बाई आणि तो ब्लाऊज

येथे एक आठवण सांगितली पाहिजे. ती आमच्या मोठेपणाची नाही.

२६ जुलै २००५ रोजी मुंबई आणि आसपासच्या भागात प्रलयंकारी पाऊस झाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अनेकांचे संसार पाण्यात गेले. आमच्या धर्मग्रामातही कपडे गोळा करण्याचे आवाहन झाले आणि दोन दिवसांत हॉल भरून गेला. आम्हाला अभिमान वाटला. घाईघाईने गाठोडी बांधली, टेम्पो भरला आणि खाडीकाठच्या एका वस्तीत गेलो.

एका बाईच्या वाट्याला साडी आणि ब्लाऊज आला. साडी चांगली होती. ब्लाऊज तिने उलगडून पाहिला. त्याला एकही हूक नव्हता. ती रागावली नाही. तिने आमच्यातील एकीला हळूच विचारले, ‘ताई, सुई-दोरा आहे का?’

आमच्याकडे टेम्पोभर कपडे होते. सुई-दोरा नव्हता.

परतताना टेम्पोत कोणी फारसे बोलले नाही. हॉलमध्ये उरलेली गाठोडी आम्ही पुन्हा सोडली. चेन तुटलेल्या पँट, नाडी नसलेले परकर, एका पायाचे मोजे, घामाचा वास असलेले शर्ट. आपल्या घरातून निघाले ते बरेचसे ‘दान’ नव्हते, ती कपाटाची सफाई होती. पूर येऊन गेलेल्या माणसाच्या दारात आपण आपला कचरा नेऊन ठेवला होता.

असे केवळ आमच्याकडेच घडले असे नाही. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेले कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून होते. ते तेथील लोकांच्या उपयोगाचे नव्हते. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने असे कपडे निवडून, दुरुस्त करून उपयोगात आणण्याचे काम केले. घरातील ६७ कपड्यांपासून सुरू झालेल्या या कामासाठी त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेडेगावातील लोक आपल्या गावाचा रस्ता, विहीर किंवा बांध श्रमदानाने तयार करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून त्यांना कपडे मिळतात, अशी त्यांची पद्धत आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी आपणही शिकण्यासारखी आहे.

संत मार्टिनने काय दिले?

मार्टिन रोमन सैन्यात होता. तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. फ्रान्समधील आमिआं शहराच्या वेशीवर कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिनने आपल्याजवळचे बाकी सर्व आधीच देऊन टाकले होते. उरला होता तो अंगावरचा झगा. त्याने तलवारीने त्याचे दोन भाग केले. अर्ध्या झग्यातील शिपायाला पाहून काही लोक हसले. त्याच रात्री स्वप्नात त्याला प्रभू येशू दिसला. प्रभूच्या अंगावर तोच अर्धा झगा होता.

मार्टिनच्या झग्याचा अवशेष पुढे जेथे जपून ठेवला, त्या जागेला झग्याच्या लॅटिन नावावरून ‘कापेल्ला’ म्हणू लागले. आपण ज्याला चॅपल म्हणतो तो शब्द यातूनच आला. कापलेल्या एका कपड्याने प्रार्थनेच्या जागेला नाव दिले!

मार्टिनने आपल्याला नकोसे झालेले दिले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. जे तो स्वतः पांघरत होता तेच त्याने दिले. म्हणून कपडा देताना एक साधी कसोटी लावावी. हा कपडा मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातात देईन का? उत्तर ‘हो’ असेल तरच तो पिशवीत घालावा. उत्तर ‘असा नाही देणार’ असे असेल, तर आधी त्याच्यावर काम करावे.

चार ढीग

एखाद्या शनिवारी दुपारी घरातील सर्वांनी मिळून कपाट रिकामे करावे आणि कपड्यांचे चार ढीग करावेत.

पहिला ढीग घालण्याजोग्या कपड्यांचा. हे धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून ठेवावेत. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे वेगळे बांधावेत आणि मुलांच्या कपड्यांवर वयाची चिठ्ठी लावावी. साडीबरोबर परकर आणि जुळणारा ब्लाऊज द्यावा.

दुसरा ढीग दुरुस्तीचा. हूक, टिचबटण, नाडी, इलास्टिक, उसवलेली शिवण, बिघडलेली चेन. यातील बहुतेक कामे दहा-पंधरा मिनिटांची असतात. शर्टाची कॉलर घासली असेल तर ती उसवून उलटी लावता येते. आपले वडील आणि आजोबा असे शर्ट वर्षानुवर्षे वापरत असत आणि त्यात कमीपणा मानत नसत.

तिसरा ढीग बदलून शिवण्याचा. जुन्या पँटच्या जाड कापडाची बाजाराची पिशवी मजबूत होते. विरलेल्या चादरीच्या कडा चांगल्या असतात. त्यातून उशांचे अभ्रे निघतात. काठपदराच्या साडीचा मुलीसाठी परकर-पोलका होतो. मऊ सुती साडीची दुपटी, कुंची, टोपडी आणि लंगोट बाळंतिणीसाठी नव्या कापडाहूनही चांगले, कारण वापराने मऊ झालेले सूत तान्ह्या अंगाला बोचत नाही. लग्नाचा गाऊन पिवळा पडण्याची वाट पाहू नये. त्याच्या चांगल्या भागातून बाळाच्या बाप्तिस्म्याचा झगा किंवा लेकीच्या पहिल्या कम्युनियनचा फ्रॉक होऊ शकतो. आईच्या विवाहाचे वस्त्र लेकीच्या बाप्तिस्म्याचे शुभ्र वस्त्र व्हावे, याहून सुंदर ते काय?

चौथा ढीग चिंध्यांचा. यातही सुती वेगळे काढावे. सुती कापड पाणी शोषते, म्हणून त्याची फडकी आणि पायपुसणी होतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे तुकडे उशी किंवा आसनाच्या भरणासाठी वापरावेत. ते जाळू मात्र नयेत; त्यांचा धूर विषारी असतो.

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळासाठी तसेच देऊ नयेत. काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ धोकादायक होते. असे कपडे दोन-तीनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत.

गोधडी : सर्वांना सामावून घेणारी

जुन्या कपड्याला नवे आयुष्य देण्याची आपली सर्वांत जुनी पाठशाळा म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. नऊवारी लुगड्याचे चार सारखे तुकडे पाडून दोन-दोन जोडले की मोठ्या गोधडीचे दोन थर होतात. मध्ये विरलेल्या साड्या, चादरी आणि शर्टांचे तुकडे पसरायचे. अंगणात किंवा ओटीवर सर्व ताणून टाचून घ्यायचे. मग दुहेरी दोऱ्याने कडेपासून आत, बोटभर अंतर ठेवून धावदोरा घालत जायचे. चार बाजूंना चार जणी बसल्या की काम लवकर होते आणि गप्पाही होतात. सुती कापडच घ्यावे. त्यातून सुई सहज जाते आणि पांघरूण उबदार होते.

अशीच गोधडी उत्तर कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी भगिनी शिवतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातून निसटून तेथे गेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि आपले कॅथलिक बांधवही आहेत. त्यांच्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. कॅथलिक भगिनी कधी कधी तिच्यावर ठिगळांतून क्रूस साकारतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या छोट्या घड्यांची त्रिकोणी ‘फुले’ लावली जातात. ती लावली नाहीत तर कवंदी ‘नागडी’ राहते, असे त्या मानतात. ज्यांच्याकडे जुन्या कपड्यांखेरीज फारसे काही नाही, त्या बायका पांघरुणालाही उघडे ठेवत नाहीत. मग माणसाला देताना आपण हुकांची तरी काळजी घ्यायला नको का?

जे गेले त्यांचे कपडे

मृतांच्या या महिन्यात चौथ्या कारणाकडे पुन्हा वळू या. आईची लुगडी, बाबांचा कोट. यांचे काय करावे?

घाई करू नये. दुःखाला आपला वेळ लागतो आणि ‘आता टाकून दे’ असे दुसऱ्याने सांगून ते हलके होत नाही. मात्र कपाटात बंद केल्याने आठवण टिकते असेही नाही. कसर आणि वाळवी आठवणीची वाट पाहत नाहीत. मन तयार झाले की भावंडांनी एकत्र बसावे. आईच्या लुगड्यांच्या गोधड्या कराव्यात, प्रत्येक भावंडाला एक. बाबांच्या शर्टांची उशी नातवाला द्यावी. बाकीचे चांगले कपडे वापरणाऱ्याच्या हाती जावेत, आणि देताना घरात एकत्र बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. त्या दिवशी आपण आईला घराबाहेर काढत नाही. तिची ऊब एका घरापुरती राहत नाही, एवढेच.

दाराबाहेर आणि दुकानात

पूर्वी दारावर बोहारीण येत असे आणि जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे देत असे. घासाघीस करताना आपण तिला किती ताणत असू! ती ते कपडे धुऊन, सांधून जुन्या बाजारात विकत असे आणि कोणा मजुराच्या अंगावर कमी पैशांत शर्ट चढत असे. अजूनही काही ठिकाणी ती येते. तिला पाण्याचा तांब्या आणि रास्त भांडे द्यावे. तीही कपड्याला नवे आयुष्य देणारी कामकरी आहे. हरियाणातील पानिपत शहरात तर परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे रंगाप्रमाणे निवडून, पिंजून पुन्हा सूत काढले जाते. त्याची स्वस्त ब्लँकेटे आपत्तीच्या वेळी वाटली जातात.

तरीही सर्वांत मोठा उपाय दुकानात आहे. एका सुती टी-शर्टसाठी, कापसाच्या शेतापासून रंगाईपर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल आपल्याला सावध केले होते. एखादी वस्तू न टाकता पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती होऊ शकते, असेही त्यांनी शिकवले. कपाटात जागा झाली म्हणून ती लगेच भरायची नसते. या नाताळला नवा कपडा जरूर घ्यावा; सण आहे. पण तो कपाटात ठेवण्याआधी एक कपडा नीट सांधून बाहेर काढावा.

त्या पुराला आता बरीच वर्षे झाली. आमच्या हॉलमध्ये कपडे जमा करण्याच्या टेबलावर तेव्हापासून एक पत्र्याचा डबा असतो. त्यात सुया, दोऱ्याची रिळे, हुकांची पाकिटे, बटणे आणि नाड्या असतात. कपडा आणणाऱ्यालाच आम्ही विनंती करतो, ‘जरा बसता का? एवढा एक टाका घालून द्या.’ कोणी बसते, कोणी घाई आहे म्हणते. बसणारे वाढत आहेत. त्या बाईने मागितलेला सुई-दोरा तिला आम्ही देऊ शकलो नाही. निदान तिच्यासारख्या दुसरीला तो मागावा लागू नये, एवढीच इच्छा.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात दोन वर्षे न घातलेले किती कपडे आहेत? प्रत्येक कपडा न घालण्याचे कारण काय?
२. ‘काढून टाकणे’ आणि ‘देणे’ यांत आपल्याला काय फरक दिसतो?
३. दुर्कसप्रमाणे आपल्या धर्मग्रामात शिवणकामाने सेवा करणाऱ्या भगिनी कोण आहेत? त्यांच्याकडून मुला-मुलींनी काय शिकावे?
४. आपल्यातून गेलेल्या प्रियजनाच्या एका कपड्याला या महिन्यात कोणते नवे आयुष्य देता येईल?

या आठवड्याचा संकल्प : घरातील प्रत्येकाने, मुलग्यांनी आणि पुरुषांनीसुद्धा, स्वतःच्या हाताने एक बटण किंवा एक हूक लावावा, आणि तो कपडा संत मार्टिनच्या सणाच्या दिवशी वेदीजवळ आणून ठेवावा.